अकरा जूनचा शिक्का

‘फोडू नको,’ तात्या म्हणाले.

पाकीट माझ्या हातात होतं. गोविंद पोस्टमन एरवी पडवीच्या कठड्यावर टपाल टाकून लांबूनच हाक मारायचा. त्या दिवशी त्यानं हाक मारली नाही. चपला काढून पडवीत आला, पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे न बघता निघून गेला. पत्ता दत्तारामच्या अक्षरात होता.

‘तात्या, त्यांचं अक्षर आहे.’

‘दिसता माका. पण फोडू नको. हंय आण.’

मी दिलं नाही. पाकीट छातीशी धरून तशीच भिंतीला टेकून उभी राहिले. तार येऊन दोन आठवडे होत आले होते. त्या दोन आठवड्यांत घरात कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं.

दत्ताराम माझा नवरा. त्या काळी आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, मी मनातल्या मनात घ्यायचे. आता उघड घेते, कोण अडवणार. ‘जलमंजिरी’ नावाच्या मालवाहू बोटीवर तो थर्ड इंजिनियर होता. चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात बोट मुरगावहून लोखंडाची माती भरून युरोपला निघाली. सुएझचा कालवा लढाईपायी बंद पडला होता, त्यामुळे सगळ्या बोटी आफ्रिकेला वळसा घालून जात. वाटेत मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात पाणी आणि तेल घेऊन ती पुढे गेली. तीन जूनला तिचा शेवटचा बिनतारी संदेश आला, हवा फार खराब आहे एवढाच. मग काही नाही. कंपनीची तार म्हणत होती, बोटीशी संपर्क नाही, शोध चालू आहे.

मला पाचवा महिना होता. तार आली त्या दिवसापासून माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. सासूबाई, म्हणजे आई, पेजेची वाटी घेऊन माझ्यापुढे बसायच्या आणि वाटीतली पेज गार झाली की उठून जायच्या. ‘पोटातल्यान काय केल्यान तुझा,’ एवढंच एकदा म्हणाल्या.

अशा घरात ते पाकीट आलं होतं, आणि माझे सासरे म्हणत होते फोडू नको.

त्याचं कारण मला ठाऊक होतं आणि त्या कारणाचाच मला संताप आला होता. तात्या वेंगुर्ल्याच्या बंदरावर कस्टममध्ये कारकून होते. सगळा जन्म समुद्राच्या काठावर गेला, पण गलबतात बसून मालवणच्या पुढे कधी गेले नाहीत. त्याचं उट्टं त्यांनी पोस्टाच्या तिकिटांवर काढलं होतं. नकाशे आणि दर्यावर्दी, एवढ्याच विषयाची तिकिटं ते जमवत. कोलंबस, मॅगेलन, कुक, वास्को द गामा. कोणी कुठून निघाला, कुठे पोचला, कुठे मेला, सगळं त्यांना तोंडपाठ. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी मला बसवून बार्थोलोम्यू डायसचं तिकीट दाखवलं होतं. आफ्रिकेच्या टोकाला पहिल्यांदा हाच पोचला म्हणाले. त्यानं त्या टोकाला वादळांचं टोक असं नाव दिलं आणि त्याच्या राजानं ते बदलून आशेचं टोक केलं. ‘आणि मागसून तो खंय बुडालो, ठावक आसा? थंयच.’ मी नवी नवरी, मान डोलवली. मनात म्हटलं, ह्या सगळ्यांच्या बायका कुठल्या तिकिटावर आहेत?

मुलगा बोटीवर लागल्यावर तर तात्यांना आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, असं झालं. दर सफरीला ते त्याच्याबरोबर कोऱ्या पाकिटांचा गठ्ठा द्यायचे. प्रत्येकावर भारताच्या नकाशाचं तिकीट आधीच चिकटवलेलं. दत्तारामनं पत्ता घालायचा, आत कडकपणासाठी पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायचा आणि पाकीट बंद करून बोटीच्या टपालात टाकायचं. पुढच्या बंदराचा शिक्का बसून ते घरी आलं की झालं. त्याला पाकीट म्हणायचं नाही, कव्हर म्हणायचं. कव्हर उघडत नाहीत. उघडलं की त्याची किंमत गेली.

आत काही नसायचंच. तेच मला खुपायचं. दत्ताराम पत्र लिहायला महाआळशी. मला दोन महिन्यांनी चार ओळींचं एक पत्र यायचं, त्यातल्या दोन ओळी जेवणाबद्दल. बापाला मात्र प्रत्येक बंदरातून कव्हर. एकदा एका कव्हरावर त्याचा तेलकट अंगठा उमटला होता. इंजिनरूममधला माणूस, त्याच्या हाताला काय चंदन असणार? पण तात्यांनी ते कव्हर कापसानं पुसून बघितलं, खडूची पूड लावून बघितली, आणि तो घरी आल्यावर पोटच्या पोराला सगळ्यांसमोर झापलं. ‘वाट लावलंस कव्हराची. आदी हात धू, मगे कव्हराक हात लाव.’ दत्ताराम नुसता हसला. त्यानंतरची कव्हरं दुधासारखी स्वच्छ यायची.

हेही तसंच होतं. स्वच्छ.

‘वृंदा,’ तात्या म्हणाले. ‘हंय आण गो.’

ते नावानं क्वचित हाक मारत. मी पाकीट दिलं. त्यांनी भिंग काढलं, पडवीच्या उजेडात गेले आणि तिकिटावरचा शिक्का बघायला लागले. बघत राहिले. आई स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन दारात उभ्या राहिल्या होत्या.

‘काय ता सांगा तरी,’ आई म्हणाल्या.

तात्यांनी भिंग खाली घेतलं, चष्मा पुसला, पुन्हा भिंग लावलं.

‘पोर्ट लुई,’ ते म्हणाले. ‘अकरा जून.’

‘म्हणजे?’ मी म्हटलं. ‘बोट तर तीन तारखेला... शेवटचा संदेश तीन तारखेचा होता ना?’

‘व्हय. तीन.’

‘आणि हे अकरा तारखेला पोर्ट लुईत?’

तात्या सावकाश म्हणाले, ‘ह्या पाकीट अकरा जूनाक जमनीवर होता.’

त्यांना आणखी काही बोलायचं होतं. तोंड उघडं होतं. पण आईंनी दाराची चौकट धरली आणि मटकन खाली बसल्या. ‘माझो झील जमनीवर आसा,’ त्या म्हणाल्या. ‘माझो दत्ता जितो आसा. ऊठ गो बाय. ऊठ. पेज घे.’

मी स्वतः जाऊन वाटी आणली. गार पेज, मिठाशिवाय, उभ्यानंच प्यायले. तात्या माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आनंदानं बघताहेत.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. आमच्या काडीचा चार दिवसांत वासा झाला. आईंनी आणि मी मिळून सगळं जुळवलं. दत्ताराम पोर्ट लुईत आजारी पडला असणार. ताप असेल, पाय मोडला असेल. त्याला तिथल्या इस्पितळात ठेवून बोट पुढे गेली. कंपनीच्या यादीत त्याचं नाव तसंच राहिलं, कारण कंपन्यांचा कारभार हा असाच. मग बोटीचं जे व्हायचं ते झालं, पण तो नव्हता तिच्यावर. अकरा तारखेला बरं वाटल्यावर त्यानं कोणाकडून तरी पाकीट टपालात टाकलं. तार का केली नाही? ताप असेल. पैसे नसतील. त्याला कुठे ठाऊक असणार, बोट हरवलीय म्हणून. एक फट बुजवली की दुसरी दिसायची, तीही बुजवायचो. शेजारच्या बायका कुंकवाकडे बघत यायच्या त्या आता पाकीट बघायला यायला लागल्या. आई त्यांना बोट दाखवून तारीख सांगायच्या. आईंना अक्षरओळख नव्हती, पण तो गोल शिक्का त्यांना पाठ झाला होता.

शिक्क्याच्या शेजारी चौकटीत इंग्रजी अक्षरांत आणखी एक शब्द होता. मी एकदा तात्यांना विचारलं, हे काय.

‘बोटीवरच्या टपालाक मारतत तो,’ ते म्हणाले आणि पाकीट कपाटात ठेवायला उठले. अशा गोष्टी ते एरवी तासभर समजावत. मी आनंदात होते, माझ्या ते ध्यानात आलं नाही.

आता मी जेवत होते. मासे खात होते. बाळ पहिल्यांदा हललं तेही त्याच दिवसांत. तात्या मात्र दिवसेंदिवस खंगत चालले. मला वाटलं, काळजी. रोज संध्याकाळी ते कपाट उघडायचे, कव्हर बाहेर काढायचे, बघायचे आणि ठेवायचे. मी मागे उभी राहायचे.

‘तात्या, फोडूया ना. आजारी असेल तर आत चिठ्ठी घातली असेल. कुठल्या इस्पितळात आहे ते लिहिलं असेल.’

‘आत पुठ्ठो असता. दुसरा काय नसता.’

‘ह्या वेळी असेल.’

‘नको.’

‘एवढी कसली किंमत हो त्याची?’

त्यांनी कपाट लावून घेतलं. आईंनी रवळनाथाला कौल लावायचं ठरवलं. देवाच्या अंगावर फुलं लावायची, उजवं पडलं तर एक अर्थ, डावं पडलं तर दुसरा. गुरवाला सांगूनही झालं होतं. तात्यांनी गुरवाला परत पाठवलं.

‘कौल लावूचो नाय,’ ते म्हणाले.

‘तुमका देवापरास तो शिक्को मोठो?’ आईंनी विचारलं.

‘समजा तसाच.’

इतक्या वर्षांत तात्या देवाबद्दल असं बोलले नव्हते. आई दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

मी कंपनीला पत्र लिहिलं. मॉरिशसच्या इस्पितळांत तपास करा म्हणून. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. मग म्हटलं, पत्रानं काय होतंय, आपण मुंबईला जाऊ, पाकीट साहेबांच्या टेबलावर ठेवू, मग कसे हलत नाहीत बघू. तात्या म्हणाले, पावसाळ्यात मुंबईची बोट बंद. मी म्हटलं, एसटी आहे. म्हणाले, तुझी ही अशी अवस्था, घाटातले धक्के. मी म्हटलं, मग तुम्ही एकटे जा. म्हणाले, बघूया. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघूया. तिसऱ्या दिवशी म्हणाले, प्रवासात कव्हराला पाणी लागेल.

तेव्हा माझा तोल गेला. लग्नानंतरच्या दोन वर्षांत ज्या माणसापुढे मी डोक्यावरचा पदर सोडून उभी राहिले नव्हते त्याच्यापुढे मी ओरडले.

‘तुम्हाला मुलगा हवाय का कव्हर? तो तिकडे इस्पितळात एकटा पडलाय आणि तुम्हाला कागद भिजायची काळजी? चिठ्ठी असेल तर फोडू देत नाही, कौल लावू देत नाही, मुंबईला नेत नाही. तुमचे ते सगळे दर्यावर्दी गोंदानं चिकटवून ठेवलेत ना वहीत? त्यालाही ठेवा तसाच चिकटवून.’

आई मधे पडल्या नाहीत. तात्या आरामखुर्चीत बसले होते. ते उठले, खुंटीवरचा कोट काढला, झटकला.

‘उद्याच्या येष्टीची तिकिटां काढतंय,’ म्हणाले आणि बाहेर पडले.

मुंबईत बॅलार्ड इस्टेटला कंपनीचं ऑफिस होतं. आम्हाला बाकावर बराच वेळ बसवून मग आत बोलावलं. बोटींचा कारभार बघणारे कामत नावाचे साहेब होते, कारवारकडचे, केस पिकलेले. ते उठून उभे राहिले. मला खुर्ची ओढून दिली. एवढा मोठा साहेब माझ्यासाठी खुर्ची ओढतोय, हे लक्षण मला बरं वाटलं नाही. पण मी ठरवून आले होते. तात्यांकडून पाकीट घेतलं, मेणकापड सोडलं आणि ते टेबलावर ठेवलं.

‘हे बघा,’ मी म्हटलं. ‘अकरा जून. बोट हरवल्यावर आठ दिवसांनी. माझे यजमान पोर्ट लुईला उतरले आहेत. तुम्ही तिथल्या इस्पितळात तार करा.’

कामतांनी पाकीट हातात घेतलं नाही. नुसतं वाकून बघितलं.

‘तुमची पत्रं मिळाली, बाई. उत्तर मीच द्यायला हवं होतं. मला कसं लिहावं ते कळेना.’

‘आता सांगा.’

‘आम्ही तार केली होती. तिथल्या एजंटाकडून उत्तर आलं. पोर्ट लुईला कोणीही उतरलं नाही. सगळे बोटीबरोबर गेले.’

‘मग हे पाकीट कोणी टाकलं?’

‘त्यांनीच. पण बोटीवर.’ त्यांनी चौकटीतल्या त्या शब्दावर पेन्सिलीचं टोक नेलं. ‘हा शब्द बघा. बोटीवर टाकलेलं टपाल, असा ह्याचा अर्थ. मे अखेरीला बोट पोर्ट लुईला एक दिवस थांबली. टपालाची थैली एजंटाच्या ऑफिसात देऊन ती पुढे गेली. ती थैली तिथे कोपऱ्यात पडून राहिली. अकरा जूनला कोणाच्या तरी लक्षात आलं तेव्हा ती पोस्टात गेली. पोस्टानं त्या दिवसाची तारीख मारली. ती तारीख पोस्टाची, बाई. लिहिणाऱ्याची नव्हे.’

‘तुम्हाला कसं ठाऊक?’

‘अशी पत्रं आणखी काही घरांना गेलीत. परवा रेडिओ ऑफिसरची आई आली होती, असंच पाकीट घेऊन.’

मी म्हटलं, तिचं वेगळं असेल. मी म्हटलं, थैलीतून एखादं पाकीट निसटतं, मागाहून टाकलं जातं. मी म्हटलं, एजंट आपली चूक झाकायला खोटं बोलत असेल. मी म्हटलं, तुम्ही तात्यांना विचारा, चाळीस वर्षं त्यांनी शिक्के बघितलेत, त्यांना सगळं कळतं, तेच म्हणाले...

कामत तात्यांकडे वळले. ‘केळुसकर, तुम्ही कस्टमला होता ना? आणि हा तर तुमचा छंद दिसतोय. तुम्हाला मी हे समजावायला नको.’

तात्या खुर्चीत नव्हतेच. ते भिंतीशी उभे होते. भिंतीवर जगाचा मोठा नकाशा होता आणि त्यावर कंपनीच्या बोटींच्या टाचण्या, रंगीत डोक्यांच्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. तात्यांनी चष्मा वर केला होता आणि नाक लावून आफ्रिकेचं टोक बघत होते. तिथे टाचणी नव्हती. टाचणी काढून घेतल्याचं बारीक भोक होतं. तात्यांनी त्या भोकावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून उभे राहिले.

 मग मी पाकीट उचललं.

ऑफिसच्या इमारतीला दगडी पायऱ्या होत्या. मी चार पायऱ्या उतरले आणि तिथेच बसले. माणसं वळसा घालून जात होती. तात्या माझ्या शेजारी हातभर अंतर ठेवून बसले.

‘तुम्हाला ठाऊक होतं,’ मी म्हटलं.

‘व्हय.’

‘कधीपासून?’

‘भिंग लावलंय तेवाच.’

‘आणि तुम्ही मला... मी रोज संध्याकाळी दारात उभी राहायचे, तात्या. गाडीच्या वेळेला. मी त्यांचे कपडे उन्हात घालून ठेवले. बाळाचं नाव त्यांनी ठेवायचं म्हणून मी मनात एकही नाव आणलं नाही. तुम्ही बघत होता सगळं.’

‘बघत होतंय.’

‘मग का?’

तात्या हाताची बोटं एकमेकांत अडकवून बसले होते. 

‘सांगूक तोंड उघडलंय,’ ते म्हणाले. ‘तितक्यात दत्ताच्या आवशीन म्हटल्यान, झील जमनीवर आसा. आणि तू जेवलंस.’

मी त्यांच्याकडे बघितलं.

‘वाटीभर पेज जेवलंस. दोन आठवडे पाण्यार होतंस. मगे माझ्यान सांगूक जमला नाय. रोज ठरवलंय, उद्या सांगूया. आणि रोज तू पान घेवन बसलंस. कौल लावूक दिलंय नाय, देवान खरा सांगल्यान असता तर? पाकीट बंद होता तवसर तुका वाटत होता, आत काय तरी आसा. फोडल्यावर नुसतो पुठ्ठो गावतलो. मगे तू...’ ते थांबले. मग अगदी हळू म्हणाले, ‘आणि मागसून माकाच वाटाक लागला. थैलीतसून एक पाकीट निसटता कधी कधी. तू आत म्हटलंस तसाच.’

मला त्या माणसाला मारावंसं वाटत होतं आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसंही वाटत होतं. दोन्ही केलं नाही. मी पाकीट त्यांच्यापुढे धरलं.

‘आता फोडू?’

त्यांनी कोटाच्या खिशातून चिमटा काढला, तिकिटं उचलायचा, आणि परत ठेवला. ‘फोड,’ म्हणाले.

मी केसातला आकडा काढला आणि पाकिटाच्या वरच्या कडेला घालून सावकाश चिरत नेला. तात्या दुसरीकडे बघत नव्हते. पाकिटाकडेच बघत होते. आतून पुठ्ठ्याचा तुकडा निघाला. मी पाकीट उलटं केलं, झटकलं, आत बोटं घालून बघितलं. चिठ्ठी नव्हती.

पुठ्ठा खाज्यांच्या खोक्याचा होता. निघताना मी त्याच्या बॅगेत कुडाळच्या दुकानातली गुळाची खाजी घातली होती, वाटेत खा म्हणून. खोक्याच्या झाकणावरची लाल अक्षरं अर्धी कापली गेली होती. म्हणजे खाजी संपवली होती. मी तो तुकडा उलटा केला. मागच्या पांढऱ्या बाजूला मधोमध काळा अंगठा उमटलेला होता, तेलाचा, रेषा न् रेषा दिसत होती. बाहेरून कव्हर खराब होऊ नये म्हणून त्यानं हात धुतले होते. आत कोण बघतंय, म्हणून पुठ्ठा आधीच, काळ्या हातानंच कापून ठेवला होता.

त्या घरात दोन वर्षं काढल्यावर सवय कशी लागते बघा. डाग दिसला आणि माझा हात आपोआप पदराकडे गेला. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि पुठ्ठ्यावर ठेवणार तेवढ्यात तात्यांनी माझं मनगट धरलं.

‘पुसू नको,’ ते म्हणाले.

आणि मग तो म्हातारा त्या पायऱ्यांवर, भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, मोठ्यानं रडला. मी पुठ्ठा दोन्ही हातांनी धरून बसले होते. रडताना त्यांचं पाणी त्याच्यावर पडू नये म्हणून मी तो जरा लांब धरला.

 परतीच्या एसटीत, घाटात, तात्यांनी फक्त एकदा विचारलं, आईला काय सांगायचं. मी म्हटलं, मला ठाऊक नाही. ते म्हणाले, मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेंगुर्ल्याला पोचलो. आई पडवीत उभ्या होत्या. गाडीचा आवाज ऐकून उभ्या राहिल्या असणार. त्यांनी आमच्या मागे बघितलं, जणू तिसरं कोणी मागून येतंय. मग तात्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

‘काय म्हणाले?’ त्यांनी विचारलं. ‘खयच्या इस्पितळात आसा?’

तात्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून मेणकापड काढलं. ते त्यांच्याकडून सुटेना. मी पुढे होऊन गाठ सोडली. तात्यांनी पुठ्ठा काढून आईंच्या हातावर ठेवला, अंगठ्याची बाजू वर करून. चिरलेलं पाकीट खाली पडलं, ते कोणी उचललं नाही.

आईंनी पुठ्ठा उजेडाकडे धरला. त्यांना शिक्क्यांतलं, बंदरांतलं काही कळत नव्हतं, पण मुलाचा हात ओळखायला काय लागतं. उघडलेलं पाकीट त्यांनी बघितलं. तात्यांनी फोडू दिलं, हे त्यांना दिसलं. त्यांनी आपला अंगठा त्या काळ्या अंगठ्यावर ठेवला. त्यांचा छोटा होता, सगळीकडून काळं बाहेर राहिलं.  ओरडल्या नाहीत, कपाळ आपटून घेतलं नाही. तात्या खुर्चीचा हात धरून उभे होते.

मग आईंनी पुठ्ठा देव्हाऱ्यापुढे नेऊन ठेवला आणि आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. थोड्या वेळानं बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एकच पान होतं, भात, वर आमटी, बाजूला तळलेला बांगडा. ते त्यांनी पडवीतच माझ्यापुढे ठेवलं आणि समोर जमिनीवर बसल्या.

‘तू आदी जेव गो बाय,’ त्या म्हणाल्या. ‘आमचा मागसून.’

तात्या माझ्याकडे बघत होते. त्याच नजरेनं, जिनं पहिल्या दिवशी मी पेज पिताना बघत होते.

मी जेवले.